पंप डावीकडे मारत नाही

१० फेब्रुवारी

श्री. पंपशेठ यांस,

नमस्कार. विनंती काही नाही, तक्रार विशेष.

बँकेतली धडधाकट नोकरी सोडून तू जुनी अवजारं विकायला बसलास, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं होतं. मी एकटा तुझ्या बाजूने बोललो होतो. साडू साडूच्या मदतीला धावणार नाही तर कोण धावणार, असंही काहीतरी म्हणालो होतो. ते सगळे शब्द मी आज परत घेत आहे.

तू पाठवलेला पितळी फवारणीपंप मिळाला. देखणा आहे. तुझ्या मेहुणीने पाहिल्या पाहिल्या विचारलं, "हा दिवाणखान्यात ठेवायचा का?" ठेवायलाच हवा होता. मी मूर्खपणाने त्याचं टोक खताच्या बादलीत बुडवलं आणि लॉनवर फवारलं.

तुला माहीत आहे, माझी हयात पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात गेली. रेघ कशी ओढायची ते मला कोणी शिकवू नये. मी लॉनवर दोऱ्या बांधून सारख्या रुंदीचे पट्टे आखले. रेघ एकाच दिशेने ओढायची असते, म्हणून प्रत्येक पट्ट्याला फाटकापासूनच सुरुवात केली. त्या टोकाला पोचलो की पंप उचलून परत फाटकापाशी. शेजारपाजारचे हसले. हसू देत.

पंधरवडा झाला. आता प्रत्येक पट्ट्याची उजवी बाजू गडद हिरवी आणि डावी बाजू पिवळी. माझं लॉन म्हणजे नाटकाच्या पडद्याचं कापड झालं आहे. निष्कर्ष सरळ आहे. तुझा पंप डावीकडे मारत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या दोन्ही घरचे फोन त्या दोघी बहिणींच्या ताब्यात आहेत आणि त्यांच्या बोलण्यात फट सापडेपर्यंत उरलेलं गवतही वाळेल.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. घाटातून, मी स्वतः गाडी चालवत. पंप सोबत आणीन आणि तुझ्या दुकानाच्या काउंटरवर आपटीन.

कळावे. लोभ तूर्त स्थगित.

तुझा थोरला साडू


१६ फेब्रुवारी

भाऊ,

नमस्कार. तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. एक गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि काही न घेता निघून गेलं. माझा धंदा बुडवण्यासाठी तुम्हाला घाट ओलांडायची गरज नाही, तिथूनही जमतंय.

आता पंपाविषयी. तो पंप मी स्वतः उघडला. आतला चामड्याचा वॉशर वाळून खडखडीत झाला होता, तो तेलात भिजत घातला, मऊ केला, परत बसवला. मग दुकानातल्या कोरड्या फरशीवर पाणी मारून पाहिलं. फरशीवर ओला डाग उमटतो, त्यावरून पंपाचं पोट कळतं. डाग ताटासारखा गोल होता. डावीकडे जेवढा, उजवीकडे तेवढाच. भाऊ, पंपाला डावं-उजवं नसतं. ते पंप धरणाऱ्याला असतं.

माझं निदान असं की, हयातभर तुम्ही पेन्सिलीपेक्षा जड काही उचललं नाही. दट्ट्या मारता मारता हात दमतो आणि अर्ध्या पट्ट्यावर समाधान मानतो. म्हणून यासोबत तांब्याचा पाठीवरचा पंप पाठवतोय. पाठीला अडकवायचा, एका हाताने दांडा मारायचा, दुसऱ्या हातात नळी. माझ्या आजोबांच्या वयाचा आहे आणि तुमच्यापेक्षा धडधाकट आहे. खत कापडातून गाळून भरा. काम झाल्यावर आतून स्वच्छ पाण्याने धुवा, नाहीतर खत तांबं खातं. हे लिहावं लागतंय कारण पितळी पंप तुम्ही धुतला नसणार.

कळावे. तुमचा लोभ स्थगित असला तरी माझा चालू आहे, धंद्याचा भाग म्हणून.

पंपशेठ


६ मार्च

श्री. पंपशेठ,

पितळी पंप धुतला होता. तुझ्या मेहुणीने धुतला, पण धुतला.

तांब्याचं धूड पाठीवर घेऊन मी लॉनभर फिरलो. दांडा मारताना त्यातून असा आवाज येतो की कुंपणापलीकडची कुत्री उत्तर देतात. हात मुळीच दमला नाही, त्यामुळे तुझं निदान केराच्या टोपलीत. आणि परिणाम? उजवी बाजू हिरवी, डावी पिवळी. आधीच्या वेळेपेक्षा जास्तच पिवळी. पुरावा म्हणून फोटो जोडतोय. त्यात मधे उभा आहे तो मी, पाठीवर आहे ते तुझ्या आजोबांचं समवयस्क. तुझ्या मेहुणीने काढलाय. "मी कुठे उभी आहे ते तरी बघा," असं ती दोनदा म्हणाली. फोटो काढणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे मी का बघायचं, ते मला कळलं नाही.

तुझे दोन्ही पंप एकाच माणसाने बिघडवले असावेत अशी मला शंका आहे. तो माणूस दुकानाचा मालकही असू शकतो.

इथे एकंदरीतच सगळ्यांची शिस्त बिघडली आहे. डावीकडचा शेजारी, तो मास्तर, आजकाल चोरासारखा येऊन एकदम कानाशी "काय म्हणता?" असं ओरडतो. परवा पंप हातातून पडता पडता राहिला. चहाचा कप माणसाला दिसेल अशा जागी ठेवावा, ही पद्धत या घरातून गेली आहे. एका आठवड्यात दोन कप फुटले. आणि आमच्या फाटकाने गाडीच्या आरशाला धडक दिली. आरसा गेला. फाटक जागचं हललं नाही, हे मात्र कबूल करतो.

आणखी एखादा पंप असेल तर पाठव. नसेल तर नुसती क्षमा पाठवलीस तरी चालेल, ती हलकी असते, टपालखर्च कमी येईल.

कळावे.

थोरला साडू


११ मार्च

भाऊ,

फोटो मिळाला. पाठीवर पंप घेतलेले तुम्ही इतके रुबाबदार दिसता की तो मी काउंटरमागे लावला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "हे कोण?" मी सांगतो, "नापसंत माल परत करणारे."

फोटोवरून मला उलगडा झाला. डावीकडे मास्तरांचं घर आहे. त्या मास्तरांशी तुमचं जमत नाही, हे तुमच्या मागच्या पत्रावरूनच दिसतं. त्यांच्याशी नजरानजर नको म्हणून तुम्ही मान उजवीकडे वळवून चालता आणि गवताला तुमच्या भांडणाची शिक्षा होते. मास्तरांशी दोन शब्द गोड बोला, लॉन आपोआप हिरवं होईल. खतही वाचेल.

तरीही शेवटची संधी म्हणून तिसरा नमुना पाठवतोय. ही काचेची बरणी आहे, पाण्याच्या पाइपच्या तोंडाला बसते. आत घट्ट खत भरायचं, नळ सोडायचा. पाणी जाता जाता खत ओढून घेतं. दट्ट्या नाही, दांडा नाही, हात दमायचा प्रश्न नाही. लहान मुलाला जमेल. तुम्हालाही जमेल, अशी आशा ठेवायला काय हरकत आहे.

एक अट. या वेळी कडेचा एक पट्टा ताईंना मारू द्या. त्याच बरणीने, त्याच दिवशी, तेच खत. निकाल काय लागतो ते प्रामाणिकपणे लिहा. तुमच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास आहे, नेम सोडून बाकी सगळ्यावर आहे.

पंपशेठ


३० मार्च

पंपशेठ,

प्रामाणिकपणा मागितलास, तर घे.

तुझ्या मेहुणीचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा हिरवा आहे. माझे सगळे पट्टे पूर्वीसारखेच. यात तुझ्या बरणीचं श्रेय शून्य. नवशिक्याचं नशीब असतं. शिवाय तिने दोरी पाहिली नाही, सरळ रेघेत चालली नाही, मधे थांबून मास्तरांच्या बायकोशी गप्पा मारल्या आणि पाइप झुलवत झुलवत परत आली. अशा कामाला आमच्या खात्यात शेरा मिळाला असता. गवताला मात्र तेच आवडलं. गवताला अक्कल कमी असते.

त्या दिवसापासून ती काही बोलत नाही, नुसती पट्ट्याकडे बघते. बोलली असती तर परवडलं असतं.

गाडीत मात्र तिची बडबड थांबत नाही. ती डावीकडच्या सीटवर बसते आणि सारखी "डावीकडे बघा, डावीकडे बघा." काल बाजाराच्या वळणावर एक सायकलवाला आपोआप चरात गेला. मी त्याला हात लावला नाही, गाडीही लागली नाही. उठून शिव्या मात्र मला दिल्या. "दिसत नाही का?" म्हणे. लोकांना आजकाल सायकल चालवता येत नाही आणि बोलता मात्र फार येतं.

आम्ही अठरा तारखेला सकाळी निघतोय. घाटात काम चालू आहे, रस्ता अर्ध्यावर आणलाय, असं ऐकलं. मला काय, मी त्या रस्त्याचा नकाशा झोपेत काढीन. तिन्ही पंप डिकीत असतील.

थोरला साडू


३ एप्रिल

भाऊ,

हे पत्र मी दुकानात वाचून दाखवलेलं नाही.

काल तुमच्या हातात फोन आला हेच नवल. पण मी "या खेपेला बसने या," एवढं म्हणताच तुम्ही "गाडी मीच चालवणार," म्हणून ठेवून दिलात. म्हणून पुन्हा कागदावर. पत्र अर्ध्यात ठेवून देता येत नाही. येतं, पण नंतर उत्सुकता लागते.

तुमची सगळी पत्रं काल समोर पसरली. मास्तर डावीकडून चोरासारखे येतात. चहाचा कप डावीकडे असतो तेव्हाच फुटतो, असं ताईंनी हिला सांगितलं. फाटकाने गाडीचा कोणता आरसा फोडला? डावा. सायकलवाला कुठल्या बाजूने आपोआप चरात गेला? तीन पंप, तीन वेगवेगळ्या कारागिरांनी बनवलेले, आणि तिघांनाही डावीकडचं गवत आवडत नाही. आता दोनच शक्यता उरतात. एक, या सगळ्यांनी मिळून डावीकडून तुमच्याविरुद्ध कट केला आहे. दुसरी, डावीकडे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही.

माझ्या वडिलांची नजर अशीच कडेने गेली. समोरचं स्पष्ट दिसायचं, पेपर वाचायचे, सुईत दोरा ओवायचे. म्हणून कोणाला कळलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. माणसं हल्ली चोरपावलांनी चालतात, अशी त्यांची तक्रार असायची. आम्ही हसायचो.

सोबत एक चौकट काढून पाठवतोय, आडव्या-उभ्या रेघांची. मधे ठिपका आहे. उजवा डोळा हाताने झाका, ठिपक्यावरून नजर हलवू नका, आणि चारी कडा दिसतात का ते कळवा. माझ्या रेघा वाकड्या आहेत, त्याबद्दल हवं तेवढं बोला. पण डॉक्टरला डोळे दाखवल्याशिवाय घाटात गाडी घालू नका. शेजारच्या सीटवर ताई असतील.

पंपांची चूक होती, असं मी लिहून द्यायला तयार आहे. तुम्ही बसने या, मी स्टँडवर उभा राहून जाहीर करीन.

तुमचा,
पंपशेठ


८ एप्रिल

श्री. पंपशेठ यांस,

बँकवाल्याने डॉक्टरी करू नये. आधी अवजारं विकायला बसलास, आता डोळे तपासायला बसलास. उद्या दात काढशील.

तुझी चौकट शेऱ्यासह परत पाठवत आहे. तुझ्याच अटींवर पाहिली, उजवा डोळा झाकून, ठिपक्यावर नजर ठेवून. डावीकडची कड आणि तिच्या लगतच्या रेघा तू काढायलाच विसरलास. दुसऱ्याच्या नजरेवर बोट ठेवणाऱ्याने निदान चौकट तरी पुरी काढावी. शेरा लाल पेन्सिलने मारला आहे: "डावी बाजू अपूर्ण. पुन्हा काढणे."

अठरा तारखेला निघतोय. गाडीने.

थोरला साडू


९ एप्रिल

प्रिय पंपशेठ,

यांनी ठेवलेलं नाव आता माझ्याही तोंडी बसलंय, राग मानू नका.

सोबतचं पाकीट यांनी टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते उघडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांचं पत्र पहिल्यांदाच उघडलं. तुमची चौकट पाहिली. चारी बाजू जागच्या जागी आहेत, डावीकडच्या रेघा तर तुम्ही जरा जास्तच जाड काढल्यात. आणि कोपऱ्यात यांचा लाल शेरा.

तुम्हाला एक सांगते, माझ्या बहिणीला सांगू नका, ती रडेल. जेवायला मी यांच्या डाव्या हाताला बसते, पहिल्यापासून. गेलं वर्षभर मी काही बोलले तरी हे वळून बघत नाहीत. वाढायला हात पुढे केला की दचकतात, जशी मी तिथे नव्हतेच. नवी साडी नेसले, केस कापले, काही नाही. मी मनाशी धरून बसले होते की यांना आता माझा कंटाळा आलाय. निवृत्तीनंतर होतं म्हणे असं. मैत्रिणींना विचारलं तर त्याही म्हणाल्या, होतं. म्हणून मी भांडायचंही सोडून दिलं होतं. आणि इथे बघते तर माणसाला मी दिसतच नव्हते. पंपशेठ, मला एकदम इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

गाडीची किल्ली मी लपवली आहे. कुठे ते पत्रातही लिहीत नाही, आता आमच्या घरात पत्रं उघडली जातात. उद्या यांना रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. येत नाहीत म्हणाले तर मीच गाडी बाहेर काढते असं सांगणार आहे. मला येत नाही हे यांना माहीत आहे, त्यामुळे मुकाट्याने रिक्षात बसतील.

तुमची,
ताई


२४ एप्रिल

प्रिय पंपशेठ,

डॉक्टर पोरसवदा आहे. माझ्यासमोर एक पांढरा वाडगा ठेवला, त्यात डोकं घालायला लावलं आणि म्हणाला, "आत दिवा लुकलुकला की बटण दाबा." मी बराच वेळ काही न दाबता बसलो. शेवटी म्हटलं, "यंत्र चालू करा." तो म्हणाला, "काका, चालूच आहे."

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत दाब वाढलाय. डाव्याची कड गेली आहे आणि उजव्याने सुरुवात केली आहे. गेलं ते परत येत नाही. उरलं ते थेंब घालून राखायचं, रोज, मरेपर्यंत. मी विचारलं, "किती राहील?" तर म्हणतो, "तुम्ही थेंब किती नेमाने घालता त्यावर." हयातभर नेमाने वागलो त्याचं हे बक्षीस, की आणखी नेमाने वागा. गाडी बंद. त्याने ते लेखी दिलं. बायकोच्या हातात दिलं, माझ्या नाही.

आता एक वाक्य लिहितो, ते एकदाच वाच आणि पुढे जा. तुझ्या चौकटीवर शेरा मारल्यावर मी ती दोन्ही डोळ्यांनी पुन्हा पाहिली होती. रेघा होत्या. तरी मी पाकीट बंद केलं.

भीती वाटली होती, दुसरं काय. घाटात ती डावीकडच्या सीटवर असणार हे तू लिहिलंस, तेव्हा तर फारच. म्हणूनच तुला दात काढण्यावरून बोललो. तुझे दात काढणार होतो, खरं म्हणजे.

लॉनचं काम तुझ्या मेहुणीने हातात घेतलं आहे. दोरी न बांधता, पाइप झुलवत. सगळं एकसारखं हिरवं होईल, आणि मला ते बघावं लागेल, जेवढं दिसेल तेवढं. जेवणाच्या टेबलावरही तिने आपली खुर्ची उचलून माझ्या उजवीकडे आणून ठेवली. आल्या आल्या माझ्या ताटातलं मीठ कमी केलं, कारण आता मी काय खातो ते तिलाही नीट दिसतं. फायदा एकतर्फी नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही बसने येऊ. तू स्टँडवर जाहीर करणार होतास ते करू नकोस. पंप चांगले आहेत. हे वाक्यही एकदाच वाच.

मुख्य बातमी राहिली. तुझी मेहुणी गाडी शिकते आहे. या वयात. शिकवणारा तिला "मॅडम, क्लच" एवढंच म्हणत असतो, बाकी देवाचं नाव घेतो. मंगळवारी त्याला ताप होता, म्हणून तिने मलाच शेजारी बसवलं आणि मैदानाला चकरा मारल्या. मी डावीकडच्या सीटवर, ती माझ्या उजव्या हाताला. खिडकीबाहेरचं मला काही दिसत नव्हतं. ती मात्र पूर्ण दिसत होती. मी त्या गाडीत वर्षानुवर्षं बसलो, पण रस्त्याकडे बघत बसलो. गिअर बदलताना ती जिभेचं टोक दातांत धरते, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक गिअरला. पहिल्यालाही.

तिने विचारलं, "काय बघताय? रस्ता बघा."

मी म्हटलं, "तो तू बघ."

कळावे.

तुझा साडू